व्हॅनमध्ये दिवसा बैठक, रात्री पलंग : सरकत्या पट्ट्यांचा आराखडा, मापं आणि बिघडणाऱ्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मारुती ईकोच्या आकाराची व्हॅन. पुढच्या दोन सीटच्या मागे जमिनीची लांबी १९५० मिमी, आतली रुंदी १२७०, चाकांच्या दोन फुगवट्यांमधलं अंतर १०२०, फुगवट्यांची उंची १७०, छत मध्यभागी १२९०. दोन माणसं झोपायला हवीत, उंच माणूस ५ फूट ८ इंचांचा. दिवसा तिथेच बसून जेवता-वाचता आलं पाहिजे. सुताराने ४५० मिमी उंचीची, वरून झाकण उघडणारी पेटी सुचवली आहे. ती करावी का?

करू नका. ती पेटी म्हणजे घरातला दिवाण आहे, आणि घरातल्या दिवाणाच्या वर नऊ-दहा फुटांवर छत असतं. व्हॅनमध्ये पलंग जमवणं सोपं आहे, कारण आडवा माणूस उंची मागत नाही. कठीण आहे ती बैठक. म्हणून सगळी मापं छतापासून खाली मोजत यायची, जमिनीपासून वर नाही.

डोकं कुठे येतं ते आधी ठरवा

५ फूट ८ इंचांच्या माणसाची बसलेली उंची, म्हणजे बुडापासून डोक्याच्या टोकापर्यंत, साधारण ९०० मिमी भरते. भिंतीला पाठ टेकवून, कडक पाटावर बसवून हे माप प्रत्यक्ष घ्या. एकाच उंचीच्या दोन माणसांत ३०-४० मिमीचा फरक सहज निघतो. कोणाचे पाय लांब, कोणाचं धड.

आता छताचं माप. तुम्ही मध्यभागी १२९० मोजलंय, पण बसलेल्या माणसाचं डोकं मध्यभागी येत नाही. पाठ भिंतीकडे असली की डोकं भिंतीपासून २५०-३०० मिमीवर येतं आणि तिथे छत खाली उतरलेलं असतं. ओळंबा लावून तिथलं माप घ्या. खालच्या हिशोबात ते १२५० धरलं आहे. त्यातून जमिनीवर टाकायचा ९ मिमी प्लाय आणि छताचं अस्तर १८ मिमी वजा केलं की उरतात १२२३. डोक्यावर किमान ३० मिमी मोकळे हवेत. १२२३ वजा ९०० वजा ३०, म्हणजे २९३ मिमी. माणूस बसल्यावर दबलेल्या गादीचा वरचा पृष्ठभाग याच्या वर जाता कामा नये.

१०० मिमीची चांगली गादी बसल्यावर ७३-७५ मिमी राहते. म्हणजे लाकडी पट्ट्यांचा माथा जमिनीच्या प्लायपासून २२० मिमीवर. सुताराच्या पेटीचा हिशोब याच पद्धतीने करून बघा : ४५० अधिक ७३ अधिक ९०० म्हणजे १४२३. डोकं छताच्या पार जातं. तिच्यावर झोपता येईल, बसता येणार नाही.

२९३ मिमी ही बैठक खुर्चीच्या मानाने बुटकी आहे. खुर्ची साधारण ४५० ची असते. पाटापेक्षा उंच, दिवाणापेक्षा खाली. अशा बैठकीवर गुडघे वर येतात आणि पाय पुढे पसरायला जागा लागते. त्यामुळे बाकाची दिशाही आपोआप ठरते : बाक चालकाच्या बाजूच्या भिंतीला लागून, गाडीच्या लांबीत, तोंड डाव्या सरकत्या दाराकडे. पाय दाराकडे पसरतात, दार उघडं असलं तर बाहेरही जातात.

दोन्ही भिंतींना एकेक अरुंद बाक आणि मध्ये फळ्या टाकून पलंग, हा प्रकार मोठ्या गाडीत छान चालतो. इथे दोन्ही बाजूंच्या माणसांची डोकी छत जिथे सर्वात खाली आहे तिथेच जातात आणि मधल्या साडेचारशे मिलिमीटरमध्ये चार पाय कोंबावे लागतात. त्यामुळे तो बाद.

इंटरनेटवर सर्वात जास्त दिसतो तो ‘रॉक अँड रोल’ पलंग. बाकाची बैठक पुढे ओढली की पाठ खाली पडते आणि पलंग होतो. फोक्सवॅगनच्या जुन्या ट्रान्सपोर्टरमध्ये तो शोभतो, कारण तिथे इंजिन मागे असतं आणि त्याच्यावरचा सपाट भाग पलंगाच्या लांबीत धरला जातो. आपल्याकडच्या छोट्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली, मागे सपाट जमीन. म्हणजे तो मागचा तिसरा तुकडा वेगळा बांधावा लागतो, बिजागऱ्यांची यंत्रणा जड होते आणि बैठकीची उंचीही वाढते. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या उंच गाडीसाठी त्याचा विचार करा, या गाडीसाठी नको.

सरकत्या पट्ट्यांचा पलंग

दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारखी ही रचना असते. एक कंगवा भिंतीकडच्या चौकटीला पक्का, दुसरा सरकता. दिवसा दोन्ही एकमेकांत बसलेले, त्यामुळे बैठक भरीव. रात्री सरकता कंगवा दाराकडे ओढला की रुंदी जवळजवळ दुप्पट होते. बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, रस्त्यात बिघडावा असा भाग नाही.

लांबी १८५२ मिमी. हा आकडा असा आला : ६० मिमी रुंदीच्या २९ पट्ट्या म्हणजे १७४०, आणि त्यांच्यामधल्या २८ फटी, प्रत्येकी ४ मिमी, म्हणजे ११२. २९ पैकी १५ पक्क्या, १४ सरकत्या. दोन्ही टोकांना पक्की पट्टी येते, म्हणून विषम संख्या. १९५० मधून उरलेल्या ९८ पैकी ७० मिमी पुढच्या सीटमागे ठेवा, नाहीतर चालकाला पाठ मागे झुकवता येणार नाही आणि इंजिनाच्या कामासाठी सीट उचलताना चौकट आड येईल. उरलेले २८ डिकीच्या दाराकडे.

फटीबद्दल थोडं सविस्तर, कारण हा पलंग अडकतो तो इथेच. कारखान्यात सूताच्या भाषेत बोलणं होतं. एक सूत म्हणजे ३.२ मिमी. ‘एक सूत फट ठेव’ असं सांगितलं तर पॉलिशचे थर बसल्यावर पावणेतीन उरते आणि धूळ गेली की पट्ट्या घासू लागतात. भरीव सागवानी पट्टी तर कोकणातल्या पावसात ६० मिमीला सुमारे १ मिमी फुगते. दीड सूत ठेवली तर २८ फटींत मिळून २० मिमीहून जास्त लांबी वाढते आणि मागचं दार लागत नाही. म्हणून ४ मिमी, आणि आराखडा मिलिमीटरमध्येच द्या. फट सारखी राहायला जोडताना १ मिमी सनमायकाचे चार तुकडे एकत्र चिकटवून पाचर करा. प्रत्येक फटीत तीच पाचर घालून स्क्रू मारत पुढे जायचं. प्रत्येक वेळी टेपने मोजत गेलात तर दहाव्या पट्टीपर्यंत चूक साठत जाते.

रुंदी भिंतीच्या टोकाला शून्य धरून मोजू. मागची रेल ० ते २५ वर, पुढची रेल ५७५ ते ६०० वर. दोन्ही २५×२५ चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचे) पाइप, जाडी १.६ मिमी. पक्क्या पट्ट्या ६०० लांब, दोन्ही रेलांवर स्क्रूने घट्ट. सरकत्या पट्ट्या ६१० लांब. त्यांचं पुढचं टोक १८ मिमी जाडीच्या उभ्या फळीवर बसतं आणि ही फळीच त्यांचा पाय असते. मागच्या टोकाखाली, टोकापासून २२ मिमी आत, १८५२ लांब आणि ४०×१८ ची एक रीप सगळ्या सरकत्या पट्ट्यांना जोडते. दिवसा पट्ट्यांची टोकं मागच्या रेलवर टेकतात. रात्री ओढलं की रीप पुढच्या रेलला आतून अडते आणि पलंग तिथेच थांबतो; वेगळा अडसर लागत नाही. सरकण ५०५ मिमी, बंद असताना खोली ६१८, उघडल्यावर ११२३. दाराकडे सुमारे १४५ मिमी उरतात, चपला-बुटांपुरते, आणि डाव्या फुगवट्यालाही फळी लागत नाही.

आता सर्वात महत्त्वाची सूचना. फॅब्रिकेटर सवयीने आडवे जोडपाइप दोन रेलांच्याच पातळीत वेल्ड करतो. ते केलं की रीप त्यांना अडकते आणि पलंग एक इंचही सरकत नाही. चौकट रंगवून गाडीत बसवल्यावर हे लक्षात येतं आणि मग सगळं कापावं लागतं. रेलचा माथा २०२ मिमीवर, तळ १७७ वर. रीप १८४ ते २०२ मध्ये फिरते. आडव्या पाइपांचा माथा १५० च्या वर येता कामा नये. आराखड्यात बाजूने काढलेलं एक चित्र द्या आणि ही रेघ लाल शाईने दाखवा.

मागच्या रेलला तीन पाय पुरतात. फुगवट्यावर पाय देता येत नाही, म्हणून एक त्याच्या आधी आणि एक नंतर. मधलं अंतर ७५० मिमीपर्यंत गेलं तरी मध्यावर ५० किलो आल्यावर हा पाइप दीड-दोन मिलिमीटरच वाकतो. पुढच्या रेलला चार पाय. रात्री दोन्ही माणसांचं वजन वाटून याच रेलवर येतं, तिथे काटकसर नको. एकूण पाइप साडेसहा-सात मीटर लागतो. सहा मीटरचा एक नग पुरत नाही, दोन घ्यावे लागतील. वेल्डिंग तुटक ठिपक्यांचं नको; पायाचा सांधा चारही बाजूंनी भरलेला हवा, कारण गाडीत चौकटीला सतत हादरे बसतात आणि भेग ठिपक्याच्या कडेपासूनच सुरू होते.

फुगवटा १७० ऐवजी २०० निघाला तर मागची रेल कापायचा मोह आवरा. रीप त्याच पट्ट्यात फिरते, तिथे दुसरा आधार घुसवता येत नाही. सगळी चौकट २५ मिमी वर घ्या आणि गादी ७५ ची करा. गादीचा थोडा आराम जाईल, पण डोकं आणि यंत्रणा दोन्ही वाचतील.

लाकूड आणि त्याचे रेषे

पट्ट्यांना १८ मिमीचा आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय. आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय घरात, कोरड्या जागी ठीक. व्हॅनमध्ये रात्रीचा दमटपणा गादीखाली साचतो आणि कडांपासून थर सुटू लागतात. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ अजिबात नको. हादऱ्याने स्क्रूची भोकं मोठी होतात.

पट्ट्या कापताना वरच्या थराचे रेषे पट्टीच्या लांबीत आले पाहिजेत. रेषे आडवे आले तर पट्टी खूपच कमी ताकदीची होते आणि पलंगावर गुडघा टेकून कोणी वळलं की मध्यावर कडकडते. रात्री पलंग उघडा असताना बाहेरच्या अर्ध्या भागात फक्त सरकत्या पट्ट्या असतात आणि त्यांचा मोकळा गाळा ५०५ मिमी. रेषे बरोबर असतील तर एका पट्टीवर ४० किलोचा भार मध्यावर आला तरी ती ५-६ मिमी वाकते आणि परत सरळ होते. चालण्यासारखं आहे.

आठ बाय चारच्या एका शीटमध्ये काम होतं. २४४० च्या लांबीत ६०० चे दोन आणि ६१० चे दोन तुकडे, करवतीचे तीन काप धरून २४२९. अशा आठ रांगा कापल्या की ३२ पट्ट्या मिळतात; तीन जादा. त्या टाकून देऊ नका, एक मोडली तर त्याच मापाची तयार हवी. आठ रांगांना ५०४ मिमी रुंदी गेली. उरलेल्या ७१६ मध्ये पुढची फळी, रीप आणि टेबलाची फळीसुद्धा बसते.

प्रत्येक पट्टीच्या लांब कडांना ३ मिमीची गोलाई द्या. हे सुशोभीकरण नाही. कोरी कड शेजारच्या पट्टीत खुपते आणि तिथूनच अडकायला सुरुवात होते. कापलेल्या कडांना पॉलिशचे किमान दोन हात. ओल आत शिरते ती कडेतूनच. सरकणाऱ्या बाजूंवर शेवटी मेणबत्ती घासा. तेल किंवा ग्रीस नको, धूळ धरतं आणि गादीला डाग पडतात.

पुढच्या फळीच्या डोक्यावर पट्ट्या बसवताना प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरांच्या मधून जातो आणि ओढताना निघतो. म्हणून तिथे मरीन ग्रेड सरस, २.५ मिमीचं आधी पाडलेलं भोक आणि ४×५० चा स्टेनलेस स्क्रू. शिवाय बाहेरून २०×२०×३ चा ॲल्युमिनियम अँगल, ज्याचा एक पाय पट्ट्यांच्या माथ्यावर आणि दुसरा फळीच्या तोंडावर बसेल. ओढण्याचा जोर अँगल घेतो. अँगल आतून लावू नका, बंद करताना तो पुढच्या रेलला आदळतो. त्याची धार कानशीने मोडा, ती बरोबर पोटरीच्या उंचीवर येते.

फळीची उंची २०२ पेक्षा ५ मिमी कमी ठेवा आणि तळाला ५ मिमीची एचडीपीई पट्टी लावा; भाज्या चिरायचा पांढरा प्लास्टिक बोर्ड असतो तेच प्लास्टिक. फेल्ट लावला तर पहिल्या समुद्रकिनाऱ्यानंतर त्यात वाळू रुतते आणि तो जमीन खरवडू लागतो. पट्टी पन्हाळीदार पत्र्यावर घसरत नाही, म्हणून खाली सपाट ९ मिमी प्लाय लागतोच. फळीत ४५०×१२० च्या तीन खिडक्या कापा, वर ४० मिमी अखंड सोडून. नाहीतर पलंगाखालचं सामान काढायला रोज गाद्या उचलाव्या लागतील. लांब वस्तू, म्हणजे तंबूच्या काठ्या वगैरे, डिकीच्या बाजूने आत सरकवायच्या.

ओढताना एका टोकाला धरलं की सरकता भाग तिरका होतो आणि रुततो. कपाटात अडकलेल्या ड्रॉवरचंच हे दुखणं. सुमारे हजार मिमी अंतरावर दोन जागी पकड हवी. सर्वात चांगला म्हणजे दोन टोकं बांधलेला एकच नायलॉन पट्टा. मध्यभागी धरून ओढलं की दोन्हीकडे सारखा ताण येतो. ढकलताना मात्र दोन्ही हात लांब ठेवून ढकला.

दोन्ही स्थितींच्या कड्या विसरू नका. बंद स्थितीत फळी चौकटीला धरून ठेवणारे दोन टॉवर बोल्ट, कारण घाटातल्या वळणावर सरकता भाग आपोआप बाहेर येतो. उघड्या स्थितीत जमिनीच्या प्लायमधल्या भोकात जाणारा एक उभा टॉवर बोल्ट, कारण कडेला बसून बूट घालताना माणूस नकळत पलंग आत ढकलतो.

गादीचे तुकडे

गादीची मापं ठरवताना सांधे शरीराखाली कुठे येतात ते आधी बघायचं. बैठकीची गादी ६०० रुंद, पाठीची ५२५ उंच. दोन्ही १०० जाड. रात्री पाठ आडवी टाकली की ११२५ होतात आणि लांबीतला सांधा दोघांच्या बरोबर मध्ये येतो, कोणाच्याच अंगाखाली नाही. लांबीचे दोन तुकडे केले तर सांधा ९२५ वर, म्हणजे कमरेखाली, आणि तीच सर्वात वाईट जागा. कंबर दोन गाद्यांच्या फटीत उतरते. तीन तुकडे करा, प्रत्येकी ६१७. सांधे बरगड्यांखाली आणि गुडघ्यांजवळ येतात, तिथे भार कमी. सहा तुकडे उचलायला आणि वाळवायलाही सोपे. वर २५ मिमीची एक मऊ, गुंडाळता येणारी गादी पसरली की सांधा जाणवत नाही.

फोम दोन थरांचा घ्या : खाली २५ मिमी रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला), वर ७५ मिमी एचआर (दाबला तरी लगेच पूर्ववत होणारा), घनता ४०, म्हणजे घनमीटरला ४० किलो. पलंग उघडल्यावर पट्ट्यांमधली फट ६८ मिमी होते आणि नुसता मऊ फोम तिच्यात उतरतो. रिबॉन्डेडचा कडक थर ती फट झाकतो. ३२ घनतेचा फोम स्वस्त पडतो, पण बसण्याच्या एकाच जागी तो लवकर बसका होतो आणि मग रात्री पलंगाच्या अर्ध्या भागात खळगा तयार होतो. बैठक आणि पलंग एकाच गादीवर असल्याचा हा तोटा आहे. म्हणून तिन्ही तुकड्यांच्या जागा अधूनमधून बदला. रिबॉन्डेड थर खालीच राहिला पाहिजे, म्हणून गादी उलटी करायची नाही.

एचआरच्या ७२ बाय ३६ इंची एका शीटमधून बैठकीचे तिन्ही तुकडे निघतात, दुसऱ्यातून पाठीचे. फोम खोळीपेक्षा दोन्ही मापांत १० मिमी मोठा कापा, म्हणजे खोळ ताणून बसते आणि सुरकुत्या पडत नाहीत. खोळ जाड सुती कॅनव्हासची, मागच्या बाजूला लांब चेन. रेक्झीन पुसायला सोपं, पण उन्हात तापतं आणि घामाने अंगाला चिकटतं.

दिवसा बैठकीची गादी १८ मिमी पुढे ओढून घ्या; अँगलची कड झाकली जाते आणि भिंतीकडे हवेला फट राहते. पाठीची गादी भिंतीला सरळ टेकवली तर बसायला त्रास होतो, कारण व्हॅनची भिंत वर जाताना आत झुकते आणि खांदे पुढे ढकलते. गादीचा तळ ७० मिमी पुढे आणला की पाठीला सुमारे साडेसात अंशांचा कल मिळतो. त्यासाठी वेगळी चौकट नको. रात्रीच्या चादरी-पांघरुणं एका लांब खोळीत गुंडाळून लोडासारखी मागे ठेवा. अंथरुणाचा प्रश्नही सुटतो. बैठकीची खोली मग ४३०-४५० राहते, ती पुरते.

टेबलाचा माथा दबलेल्या गादीपासून २७० मिमी वर, म्हणजे जमिनीपासून ५६० च्या आसपास. ७००×४०० ची फळी आणि एक काढता येणारा पाय पुरे.

गाडीला पक्कं करणं

सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं, खालचं सामान वेगळं. जोरात ब्रेक लागला की एवढं वजन पुढच्या सीटच्या पाठीवर येऊ पाहतं. जमिनीच्या पत्र्यात मारलेले सेल्फ-टॅपिंग स्क्रू असल्या वेळी सुटतात. कारखान्यातून आलेली सीटची जुनी आट्यांची भोकं असतील तर ती वापरा. नवीन भोक पाडावं लागलं तर एम-८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, पत्र्याखाली ५०×५०×३ ची लोखंडी पट्टी आणि नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट. किमान सहा जागी.

भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरा. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल आणि वायरिंग कुठून जातं त्याच्या खुणा जमिनीवर वरून खडूने करा. वरून अंदाजाने भोक पाडू नका. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि बोल्ट कसण्याआधी पीयू सीलंट, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. सीएनजीची टाकी आत असेल तर ती पलंगाखाली कोंडू नका. व्हॉल्व्हपर्यंत हात लगेच पोहोचला पाहिजे आणि तिच्याभोवती हवा खेळती राहिली पाहिजे.

आणि हे अगदी स्पष्ट सांगतो : ही बैठक गाडी उभी असतानाच वापरायची. बाजूला तोंड असलेल्या या बाकावर, सीटबेल्टशिवाय, चालत्या गाडीत कोणालाही बसवू नका, मुलांना तर मुळीच नाही. गाडीच्या सीटची आणि सीटबेल्टच्या आधाराची ताकद चाचणी करून ठरते, सुतार-फॅब्रिकेटरने बनवलेल्या चौकटीची नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावलं आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. मूळ सीट काढणार असाल किंवा गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर लाकूड आणण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा. सहा बोल्ट काढले की सगळी चौकट एका तुकड्यात डिकीतून बाहेर निघेल अशी बांधा. यामुळे कायदेशीर मान्यता आपोआप मिळते असं नाही, पण गाडीच्या सर्व्हिसिंगला आणि तपासणीला नेताना ते उपयोगी पडतं.

कामाचा क्रम

पाइप घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. गाडीत विटा रचून त्यावर २२० मिमी माथ्याची फळी आणि घरातली एखादी गादी ठेवा. घरातल्या सर्वात उंच माणसाला बसवा, जेवू द्या, वाकून काहीतरी उचलू द्या. मग आडवं होऊन पाय कुठे लागतात ते बघा. इथे १५ मिमी चुकल्याचं कळलं तर फक्त विटा हलवाव्या लागतात.

त्यानंतर जमिनीचा प्लाय, मग चौकट सुटी बांधून गाडीत नुसती ठेवून बघणं, मग भोकं, मग चौकट बाहेर काढून रंग. आधी रंगवून मग भोकं पाडली तर गंज भोकापासून सुरू होतो. पक्क्या पट्ट्या पाचर घालत चौकटीवर. सरकत्या पट्ट्या मात्र वेगळ्या जमिनीवर जोडू नका. त्यांना पक्क्यांच्या मध्ये, जागेवर ठेवूनच आधी फळीला आणि मग खालून रिपेला जोडा, म्हणजे प्रत्येक पट्टी आपल्या शेजारणीशी जुळते. रीप शेवटी, कारण ती बसली की सरकता भाग बाहेर निघत नाही. ती सरसाने चिकटवू नका, फक्त स्क्रू. कधी पट्टी बदलायची वेळ आली तर रीपच सोडवायची आहे.

गाद्या टाकण्याआधी पलंग पूर्ण उघडून दोन माणसांनी त्यावर गुडघे टेकून फिरून बघा, कडेला बसून बघा, मग दहा वेळा बंद-उघड करा. एखादी पट्टी घासत असेल तर तिथे पॉलिशवर चकाकी दिसते. तेवढीच कड पॉलिश पेपरने उतरवा. गाडी खराब रस्त्यावरून नेऊन खडखडाट ऐका. आवाज बहुतेक वेळा सरकत्या पट्ट्यांच्या मागच्या टोकांचा मागच्या रेलवर असतो. रेलच्या माथ्यावर पातळ नायलॉनची पट्टी चिकटवली की थांबतो. पावसाळ्यात किंवा महाबळेश्वरच्या थंडीत, दोन माणसं रात्रभर काचा बंद करून झोपली तर सकाळी गादीच्या खालच्या अंगाला हात लावून बघा. ओलसर लागली तर त्या दिवशी तुकडे उभे करून ठेवा आणि रात्री दोन विरुद्ध बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवायला लागा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा. रंगाचा थर दबतो, सीलंट बसतं आणि पहिल्या दिवशी घट्ट लागलेला बोल्ट पाव फेरा सैल झालेला असतो.